घडीबाईंची झोप

घडीबाईंना हे नाव इस्पितळाच्या धुलाईखान्यात मिळालं, आणि मग ते असं चिकटलं की घरमालकापासून औषधवाल्यापर्यंत सगळे त्याच नावाने हाक मारू लागले. धुलाईखाना तळघरात होता. एका भिंतीला कपडे धुण्याची मोठाली यंत्रं, दुसऱ्या भिंतीला ओल्या चादरी एका बाजूने गिळून दुसऱ्या बाजूने कोरड्याठाक, गरमागरम बाहेर टाकणारे वाफेचे रूळ, आणि मधल्या लांब टेबलापाशी घडीबाई. चादर बाहेर आली की समोरच्या बाईने दोन कोपरे धरायचे, ह्यांनी दोन धरायचे, एक झटका द्यायचा, पुढे येऊन कोपऱ्याला कोपरा भिडवायचा, दुमडायची, पुन्हा दुमडायची आणि तळहाताने एकदा दाबून ढिगावर टाकायची. त्यांच्या ढिगाच्या कडा अशा सरळ यायच्या की वरच्या मजल्यावरच्या परिचारिका चादर उलगडण्याआधीच म्हणायच्या, "ही घडीबाईंच्या हातची." नव्या पोरी हिसकाहिसकी करायला लागल्या की त्या ओरडायच्या, "अगं, नवऱ्याला ओढतेस तशी चादर ओढू नकोस! नवरा टिकेल, चादर फाटेल."

त्यांचा स्वतःचा नवराही त्यांना त्या तळघरातच मिळाला. ते इस्पितळाच्या लिफ्टचे मिस्त्री. एके दिवशी कपडे वर नेणारी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच अडकली. आत घडीबाई, चादरींची गाडी आणि मिट्ट काळोख. वरून कुणीतरी विचारलं, "आत कोण आहे?"

"मी आहे! लवकर काढा, माझा जीव गुदमरतोय!"

"चादरी आहेत ना सोबत? मग अंथरा आणि जरा पडा. मला वेळ लागेल."

घडीबाईंना इतका संताप आला की भीती कुठल्या कुठे पळाली. दार उघडल्यावर त्यांनी त्या माणसाला असं फैलावर घेतलं की जिन्यात गर्दी जमली. मिस्त्री ग्रीसने माखलेले हात पुसत सगळं शांतपणे ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "बोलून घसा कोरडा पडला असेल. चहा घेणार?" त्या चहापासून पुढचा सगळा संसार झाला. एक लेक झाली, शिकली, औषधांच्या दुकानात नोकरीला लागली, लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली. दोघंही निवृत्त झाले. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत म्हातारा-म्हातारी राहू लागली, आणि दिवसभर एकमेकांची खोडी काढण्यात त्यांचा वेळ मजेत जाऊ लागला.

मजेत नव्हती जात ती रात्र.

मिस्त्री घोरायचे. तरुणपणापासून घोरायचे. त्याची घडीबाईंना सवय होती, उलट त्या घोरण्यावरच त्यांना झोप लागायची. पण म्हातारपणी ते घोरणं मधेच थांबायला लागलं. घरघर चाललेली असायची आणि एकदम सगळं शांत. श्वास आत नाही, बाहेर नाही. पहिल्यांदा हे झालं तेव्हा घडीबाईंच्या काळजाचं पाणी झालं. त्यांनी कोपराने बरगडीत ढोसलं, तसे मिस्त्री बुडता माणूस पाण्याबाहेर यावा तसा मोठा श्वास घेऊन, कूस बदलून पुन्हा घोरायला लागले. सकाळी त्यांना काहीच आठवत नव्हतं. वर तेच तक्रार करत होते, "बरगडी दुखतेय गं. रात्री कुस्ती खेळलीस का?"

डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी नाकातोंडावर लावायचा एक मास्क दिला. त्याला लांब नळी, नळीच्या टोकाला हवा सोडणारं छोटं यंत्र. मिस्त्रींनी जन्मभर यंत्रांवर प्रेम केलं, पण ह्या यंत्राशी त्यांचं जमलं नाही. "ही हत्तीची सोंड लावून झोपू? तू जागी झालीस तर किंचाळशील." दोन-चार दिवस लावला आणि मग मास्क पलंगाखाली गेला. घडीबाई रागावल्या, रुसल्या, लेकीकरवी बोलून पाहिलं. मिस्त्री हो हो म्हणायचे आणि दिवा मालवला की नुसतेच झोपायचे.

मग उरला तो कोपर. घडीबाई डोळे मिटून पडायच्या आणि कान उघडे ठेवायच्या. श्वास थांबला की ढोसायचं, सुरू झाला की पडून राहायचं. अशी किती वर्षं गेली त्याचा हिशेब नाही. हळूहळू असं झालं की मिस्त्रींचा श्वास नीट चालला असला तरी त्यांच्या डोळ्याला डोळा लागेना. दिवसा दुपारी पडल्या तरी लागेना. मिस्त्री बाजारात गेलेले असले, घरात त्या एकट्या असल्या, तरी कान आपले टवकारलेलेच. जणू झोप हे घर सोडूनच निघून गेली होती. गोळ्या घेऊन पाहिल्या, तर त्या गुंगीत न्हाणीघरात पाय घसरून मनगट मोडलं. गोळ्या बंद झाल्या.

त्यांचा चेहरा उतरला. चहात साखरेऐवजी मीठ पडू लागलं. बोलता बोलता पुढचा शब्दच सापडेना. एकदा गॅसवर दूध ठेवून त्या खिडकीत उभ्या राहिल्या आणि भांडं करपून काळं झालं तरी त्यांना वास आला नाही. त्या दिवशी मिस्त्रींनी ते भांडं घासलं, आणि दुसऱ्या दिवशी इस्पितळातून एक कागद घेऊन आले. ज्या वयस्कर माणसांना झोप येत नाही त्यांच्यावर तिथे एक प्रयोग चालला होता, प्रकाश आणि आवाज वापरून झोप आणायचा. माणसं हवी होती.

"उठ. चल. यंत्राचं काम आहे, आधी मी बघणार आणि मग तू बसणार."

"मला नको ते विजेचे खेळ."

"विजेचा खेळ तू लिफ्टमध्ये खेळलीस, म्हणून मी मिळालो. चल."

प्रयोग करणारी मुलगी लेकीहून लहान होती. अजून शिकत होती, कुणी डॉक्टर म्हटलं की घाईने सांगायची, "अजून नाही झाले." तिने टेबलावर एक जाड पट्टी ठेवली. ती डोळ्यांवर बांधायची होती, आतल्या बाजूला बारीक दिवे होते, आणि सोबत कानांवर बसवायचे गुबगुबीत हेडफोन. मिस्त्रींनी ती पट्टी उलटीपालटी करून तपासली, शिवण बघितली, वायर ओढून पाहिली.

"हे करतं काय नेमकं?" त्यांनी विचारलं.

"काका, मेंदूचा एक ताल असतो. जागेपणी जलद, झोप जवळ आली की संथ. मावशींनी डोळे मिटून बसायचं. पापण्यांवर मंद दिवे उघडझाप करतील, कानात त्याच तालात आवाज येईल. आधी जरा जलद, मग हळूहळू संथ. काही लोकांचा मेंदू त्या तालामागे चालायला लागतो."

"काही लोकांचा? सगळ्यांचा नाही?"

"नाही. कुणाचा चालतो आणि कुणाचा नाही, तेच तर शोधतोय आम्ही."

हे उत्तर मिस्त्रींना आवडलं. घडीबाईंच्या कानाशी वाकून ते म्हणाले, "खोटं बोलणारी नाही पोरगी." मग मुलीने घडीबाईंना पूर्वी कधी फिट आली होती का, डोळ्यांचं काही दुखणं आहे का, सगळं विचारलं, आणि शेवटी विचारलं, "मावशी, रात्री जाग नेमकी कशाने येते?"

घडीबाईंनी नवऱ्याकडे बघितलं आणि काहीही हातचं न राखता सगळं सांगून टाकलं. घोरणं, थांबणं, कोपर, पलंगाखालचा मास्क. मुलीने पेन खाली ठेवलं. "काका, आधी तुम्हाला बघायला हवं." तिने तिथल्या तिथे छातीच्या डॉक्टरांना फोन लावून दिला. मिस्त्रींची पुन्हा तपासणी झाली, पुन्हा तेच निदान झालं, डॉक्टर पुन्हा रागावले, आणि मास्क पलंगाखालून वर आला. म्हणजे ज्याने जे करायला हवं होतं ते प्रत्येकाने केलं. पुढे जे झालं त्याचा दोष कुणाच्या पदरात टाकावा असं शोधत घडीबाई फार फिरल्या, पण त्यांना तसं कुणी सापडलं नाही.

यंत्र घरी आलं. संध्याकाळी जेवण उरकलं की घडीबाई खुर्चीत बसायच्या, पट्टी बांधायच्या, हेडफोन चढवायच्या. मुलीने मनगटाला एक पट्टाही बांधून दिला होता, झोप किती लागते ते समजायला. पहिले काही दिवस नुसता वैताग. मिटल्या पापण्यांआड नारिंगी ठिपके नाचायचे, आणि कानात धप्, धप्, धप्, कुणीतरी लांबवर गालिचा झोडपत असल्यासारखं. "मला सर्कशीत बसवलंय," त्या म्हणायच्या. मिस्त्री मात्र पहाऱ्याला बसायचे. टीव्ही बंद, नळ बंद. शेजारीण काही मागायला आली तर दारातच बोट ओठांवर ठेवून, "शू! बाई यंत्रात आहेत," म्हणून तिला परत पाठवायचे. शेजारणीला वाटलं काहीतरी अपघात झाला.

आणि मग एका संध्याकाळी ते ठिपके नाचायचे थांबले. नारिंगीचा निळा झाला, निळ्याचा राखाडी. गालिचा झोडपणारा लांब, आणखी लांब गेला. घडीबाईंचे खांदे आपोआप खाली आले. मिस्त्रींनी त्यांना हाताला धरून पलंगावर नेलं ते त्यांना अर्धवट कळलं, एवढंच.

डोळे उघडले तेव्हा समोरच्या भिंतीवर ऊन होतं. त्या भिंतीवर ऊन येतं हे त्यांना माहीतच नव्हतं, कारण त्या वेळी त्या कधी पलंगावर नसायच्याच. दारात मिस्त्री कपबशी घेऊन उभे होते.

"उठलीस का? दोनदा येऊन बघून गेलो, आहे की गेली."

"मेल्यासारखी झोपले हो मी," घडीबाई म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

ते दिवस फार चांगले गेले. लेक म्हणाली, आई, तू मोहरलीस. घडीबाईंनी पडदे उतरवून धुतले, जुन्या मैत्रिणींना फोन केले, मिस्त्रींबरोबर बागेपर्यंत चालत जाऊ लागल्या आणि परतताना ते चुकीच्या गल्लीत शिरले म्हणून त्यांना यथेच्छ टाकून बोलू लागल्या. शब्द परत आले होते. मिस्त्री भेटेल त्याला सांगत, "आमची बाई झोपते हो आता!" जसं एखाद्याने पोराचा पहिला नंबर आल्याचं सांगावं.

एकच गोष्ट त्यांच्या मनात कुरतडायची. "अहो, मी झोपते. तुमचं काय?"

"माझ्या बरगड्यांना सुट्टी मिळाली, माझं काय."

"चेष्टा नको. मास्क लावणार असाल तरच मी ते दिवे लावीन."

"लावतो. तुझी शपथ."

आणि ते लावायचेही. घडीबाई पलंगावर आडव्या व्हायच्या तेव्हा शेजारी सोंड लावलेले मिस्त्री असायचे आणि मास्कच्या आतून काहीतरी विनोद करायचे, तो धड कळायचाही नाही. सकाळी मास्क टेबलावर असायचा. "केव्हा काढलात?" "उठल्यावर." मिस्त्री त्यांच्या आधी उठायचे, तेव्हा ते खरंही असेल. घडीबाईंनी त्यावर विश्वास ठेवला. झोप लागणाऱ्या माणसाला विश्वास ठेवणं सोपं जातं.

एके सकाळी त्या जाग्या झाल्या तेव्हा ऊन भिंतीवर होतं आणि मिस्त्री अजून पलंगावरच होते, पलीकडे तोंड करून. घडीबाईंना बरं वाटलं. आज चहा आपण करू, ह्यांना पडू दे. अंग हलकं होतं, डोकं धुतल्यासारखं स्वच्छ. त्यांनी आधण ठेवलं, आणि स्वयंपाकघरातूनच बोलायला सुरुवात केली. लेक येणार आहे, येताना तिला फळं आणायला सांगू का. खिडकीची कडी पुन्हा ढिली झालीय, तुम्ही नुसते बघणार की हात लावणार. काल बागेत तो टोपीवाला तुमच्याकडे बघून का हसला हो? उत्तर आलं नाही, तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं, झोपा! आता तुमची पाळी." कप भरले. दोन्ही कप घेऊन त्या आत आल्या, टेबलावर ठेवायला गेल्या, तर तिथे मास्क पडलेला होता. नळी नीट गुंडाळून ठेवलेली.

त्यांनी मिस्त्रींच्या खांद्याला हात लावला. खांदा गार होता.

त्यांनी काय केलं ते त्यांना नंतर धड सांगता आलं नाही. शेजारणीने ऐकलं ते असं, की आतून घडीबाई कुणालातरी रागावल्यासारख्या, "अहो, घ्या ना श्वास. घ्या ना. घ्या," असं म्हणत होत्या. शेजारीण आत आली तेव्हा त्या पलंगावर बसून कोपराने मिस्त्रींच्या बरगडीत ढोसत होत्या, पुन्हा पुन्हा.

लेकीला फोन त्यांनीच केला. लेक ओरडली, "असं कसं? तुला कळलं नाही? तू तर जागी असतेस ना!"

"मी झोपले होते," घडीबाई म्हणाल्या.

लेक रडायला लागली, जावयाने फोन घेतला, येतो म्हणाला. लेकीला आपण काय बोललो ते त्या क्षणी कळलंही नसेल. घडीबाईंना मात्र ते वाक्य, ज्या सुरात आलं त्या सुरासकट, कायमचं ऐकू येत राहिलं.

डॉक्टर म्हणाले, पहाटेच्या सुमाराला हृदय बंद पडलं. झोपेत. कळलंही नसेल त्यांना. घडीबाईंनी विचारलं, "मी जागी असते तर?" डॉक्टर भले होते. ते म्हणाले, "तरी बहुधा काही करता आलं नसतं." सगळ्यांनी त्या वाक्याचा आधार घेतला. लेकीने घेतला, जावयाने घेतला, शेजारणीने घेतला. घडीबाईंच्या हाताला त्यातला एकच शब्द लागला, बहुधा, आणि तो काही सुटेना.

मिस्त्रींना पोचवून झालं. माणसं आली, बसली, गेली. घडीबाईंनी दिव्यांची पट्टी आणि हेडफोन कपाटात, गरम कपड्यांच्या मागे कोंबले. त्यानंतर त्या झोपल्याच नाहीत म्हटलं तरी चालेल. खुर्चीत बसायच्या. पलंगाची चादर त्यांनी काढली, दुसरी घातली नाही.

ती शिकणारी मुलगी फोन करत होती. घडीबाई उचलत नव्हत्या. शेवटी एका दुपारी ती स्वतःच जिने चढून आली. तिला लेकीकडून कळलं होतं. दारात उभी राहिली, आत ये म्हटल्यावर आली, खुर्चीच्या टोकावर बसली. घडीबाईंनी कपाटातून यंत्र काढून तिच्यापुढे ठेवलं. मग मनगटावरचा पट्टा सोडवला. इतके दिवस तो तसाच होता, काढायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"ह्याच्यात ती रात्रही असेल ना?" त्यांनी विचारलं.

मुलीने मान डोलावली.

"त्यात काय आहे ते मला कधी सांगू नकोस."

मुलीने पट्टा हातात घेतला आणि तिचा बांध फुटला. "मावशी, मी तुम्हाला झोपवलं. मी ते यंत्र दिलं नसतं तर तुम्ही..." पुढचं तिला बोलवेना. ओंजळीत तोंड लपवून ती लहान पोरीसारखी रडत राहिली.

घडीबाईंनी तिला पाणी आणून दिलं. पाठीवरून हात फिरवला. "वेडी आहेस का? तुझा काय दोष त्यात? तू त्यांना डॉक्टरकडे पाठवलंस. मास्क पलंगाखालून तू वर आणवलास. त्यांना किती कौतुक होतं तुझं. दिवेवाली म्हणायचे तुला. खोटं बोलत नाही म्हणायचे." असं बराच वेळ त्या बोलत राहिल्या, अगदी मनापासून, समजुतीने. मुलगी डोळे पुसून गेली. दार लावल्यावर घडीबाई तिथेच उभ्या राहिल्या. त्या मुलीला जे सांगितलं त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं, आणि तेच स्वतःला सांगायला गेलं की त्यातलं एकही खरं वाटत नव्हतं.

लेक राहायला आली. तिने आईला आपल्या घरी चल म्हणून पाहिलं, नाही म्हटल्यावर स्वतःच बॅग घेऊन आली. दोघी मायलेकी एकमेकींना जपत, एकमेकींना चुकवत राहिल्या. ह्याचं बोलायचं, त्याचं बोलायचं, त्या सकाळचं नाही. घडीबाई दिवसेंदिवस सुकत चालल्या. एकदा भर दुपारी रस्ता ओलांडताना त्या मधेच थांबल्या. डोळे उघडे, पण समोरचं काही दिसत नसल्यासारख्या. एका सायकलवाल्याने ओढून बाजूला केलं. लेकीला हे शेजारणीकडून कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. सुरी ठेवून ती एकदम म्हणाली, "आई, मी त्या दिवशी फोनवर काय बोलले ते मला रोज आठवतं."

घडीबाई भांडी पुसत होत्या. पुसत राहिल्या.

"मी असं कसं बोलले गं तुला?"

"बोललीस ते खोटं नव्हतं."

"खोटं होतं. मी औषधांच्या दुकानात काम करते, आई. मला ठाऊक आहे बाबांचं हृदय किती थकलं होतं. मला ते ठाऊक होतं आणि मी त्यांना कधी धरून बसवून मास्क लावला नाही, कारण ते विनोद करायचे आणि मला हसू यायचं. मी काय रागावणार तुझ्यावर? कुणावर तरी ओरडायचं होतं, आणि फोनवर तू होतीस."

घडीबाईंनी हातातलं ताट ठेवलं. काहीतरी बोलावं, लेकीला जवळ घ्यावं, असं त्यांना फार वाटलं. झालं एवढंच की त्या तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि तिने चिरलेली भाजी भांड्यात भरायला लागल्या. लेकही पुन्हा चिरायला लागली. चिरता चिरता ती म्हणाली, "त्या पोरीकडे परत जा ना. बाबाच घेऊन गेले होते तुला. तू झोपतेस हे सांगताना त्यांचा चेहरा कसा व्हायचा ते मी पाहिलंय. एवढं आनंदी मी त्यांना माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं."

घडीबाईंनी बरेच दिवस नाही म्हटलं. मग गेल्या.

प्रयोग तोवर संपला होता. घडीबाई मधेच थांबल्यामुळे त्यांची माहिती त्यात धरता आली नाही, असं मुलीने खरं ते सांगितलं. पण तिने वरिष्ठांना विचारून परवानगी घेतली, आणि संध्याकाळी तिच्या त्या छोट्या खोलीत घडीबाई पुन्हा पट्टी बांधून बसू लागल्या. पहिल्या दिवशी दिवे सुरू झाले मात्र, त्यांनी पट्टी ओढून काढली आणि त्या उठून गेल्या. दुसऱ्यांदा थोडं बसल्या. मुलगी शेजारी बसून राहायची. ठिपके पुन्हा नारिंगीचे निळे व्हायला वेळ लागला, पण झाले. घरी येऊन घडीबाई पलंगावर नवी चादर घालून पडायच्या, आणि काही रात्री झोप लागायची. पूर्वीसारखी नाही, तुटक, उथळ. पण लागायची.

मुलीने एकदा विचारलं, "मावशी, आता बरं वाटतंय का?"

घडीबाईंनी विचार केला. खोटं बोलायचं त्यांच्या जिवावर आलं.

"झोप येते गं. तुझं यंत्र चांगलं आहे. पण तुला सांगू? जागी राहायचे तेव्हा ते गेले हे मला एकदाच कळलं होतं. रात्रभर ते माझ्यासोबत असायचं, सकाळीही तेच असायचं, नवीन काही नसायचं. आता झोपले की विसरते. आणि उठले की पुन्हा पहिल्यापासून कळतं. रोज."

मुलीने त्यांचा हात धरला. ह्यावर तिच्याकडे उपाय नव्हता, आणि तिने तो असल्याचं भासवलंही नाही. तिने हळूच विचारलं, "मग बंद करायचं का?"

"नको," घडीबाई म्हणाल्या. "येते मी उद्या."

लेक आपल्या घरी परत गेली. तिचा संसार होता, नोकरी होती. पण रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तिचा फोन येतो. घडीबाईंना त्याच्या थोडं आधी जाग येते. जाग आली की त्या डोळे उघडत नाहीत. उशीवर तोंड तसंच ठेवून, श्वाससुद्धा जपून घेत पडून राहतात. मिटल्या डोळ्यांना भिंतीवरचं ऊन लालसर जाणवतं, गल्लीत कुणीतरी दुकानाचं शटर वर ढकलतं, स्वयंपाकघरातून आता भांड्याचा आवाज येईल असं वाटतं. तेवढा थोडासा वेळ काहीच झालेलं नसतं.

मग फोन वाजतो. घडीबाई त्याला थोडा वेळ वाजू देतात. आणि मग हात लांब करून उचलतात आणि म्हणतात, "हो गं. उठले."